एक जूनचा राक्षस

"गुरुजींनी चष्मा पुसला, वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना राक्षसाची हनुवटी दिसली," मुक्ताबाईंनी वाचलं आणि त्या जराशा थांबल्या. हनुवटीपाशी मुलं हसतात हे त्यांना ठाऊक झालं होतं. मुलं हसली.

नगरला सावेडीतल्या त्या इमारतीला लिफ्ट असल्यामुळे जिन्याकडे सहसा कोणी फिरकत नसे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या पायऱ्या मे महिन्यात रोज पाच वाजता मुक्ताबाईंच्या ताब्यात असत. वरच्या पायरीवर त्या, खाली सात-आठ मुलं. मुलं त्यांना बाईआजी म्हणत. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून निवृत्त झाल्यालाही आता पंधरा वर्षं होत आली होती, पण पाच वाजले की त्यांच्या आवाजाला अजून धार चढायची.

"'नाव?' गुरुजींनी विचारलं. 'टणकासुर.' 'जन्मतारीख?' राक्षस विचारात पडला. आई सांगायची, ज्या वर्षी समुद्र तिसऱ्यांदा आटला, त्याच्या दुसऱ्या वर्षी तू झालास. गुरुजींनी सुस्कारा टाकला आणि रजिस्टरात लिहिलं, एक जून."

इथं कोणी हसलं नाही. पुढच्या ओळीत टणकासुर बाकावर बसला, बाक मोडला आणि त्याच्याखालची फरशीही फुटली, तेव्हा पार्थ पोट धरून दोन पायऱ्या खाली घसरला. पण निकिता कपाळाला आठी घालून बसली होती. नऊ वर्षांची ही मुलगी विनोदाच्या आधीच्या ओळीत अडकायची.

"बाईआजी, एक जूनच का?"

मुक्ताबाईंनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. समजावून सांगायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. पूर्वी खेड्यात मुलं घरीच जन्मायची, नोंद कोण करणार, असं त्यांनी सांगितलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची, म्हणून गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि पुढे एक जून लिहून टाकायचे. त्यामुळे आजच्या कितीतरी आजोबा-आजींचा वाढदिवस एकाच दिवशी येतो.

"बापरे, एवढे केक," पार्थ म्हणाला.

"तुम्ही पण लिहायच्या का एक जून?" निकितानं विचारलं.

"लिहायची की."

"मग चुकलं असेल ना कोणाचं तरी."

मुक्ताबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि आज इथंच थांबू म्हणाल्या. सहाला अजून दहा मिनिटं होती. मुलं कुरकुरत उठली.

पुस्तकाचं नाव होतं 'टणकासुराचा दाखला'. जवळच्या वाचनालयानं सुट्टीत एक उपक्रम काढला होता: नवं पुस्तक वाचायचं आणि सोबतच्या कार्डावर अभिप्राय लिहून द्यायचा. शिकवायचा धडा आधी आपण वाचलेला असावा या सवयीनं मुक्ताबाईंनी कादंबरी शेवटपर्यंत वाचून काढली होती, लाल पेन्सिल हातात घेऊन. ग्रंथपाल बिचारा काही बोलत नसे. मुक्ताबाईंकडून परत आलेलं पुस्तक तपासलेल्या वहीसारखं दिसतं, हे त्यानं मान्य करून टाकलं होतं.

पहिली तीस पानं त्यांना पोरकट वाटली होती. राक्षसाला रेशनकार्ड हवं असतं, त्यासाठी शाळेचा दाखला लागतो, म्हणून तीनशे सात वर्षांचा राक्षस पहिलीत नाव घालतो. हे कसलं मेलं, असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या. पण कागदावर टणकासुर सहा वर्षांचा ठरला आणि माणूस खायला त्याला पालकांची लेखी संमती लागू लागली, तेव्हा त्या एकट्याच खुर्चीत बसून हसल्या. पुढे तो बे एके बे म्हणू लागला की गुहेतली वटवाघळं पटापट खाली पडत. अ अननसाचा शिकताना तो तक्त्यावरचा अननसच चाटत असे. लेखकानं शाळा जवळून पाहिली होती. खडू संपत आला की फळ्यावर नख घासतं आणि आख्खा वर्ग दात आवळतो, हे बाहेरच्या माणसाला सुचत नाही. आणि एक गोष्ट त्यांना विशेष पटली. पुस्तक सगळ्यांना हसत होतं, पण दुबळ्याला कुठंच हसत नव्हतं.

कार्डावर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'विनोद बरा. मुलांना आवडेल. शुद्धलेखनाच्या चुका त्रेचाळीस.'

पण सतराव्या प्रकरणामुळे कार्ड द्यायचं राहून गेलं होतं.

सतराव्या प्रकरणात टणकासुर घाटात नोकरीला असतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना नुसतं खाकरून शुद्धीवर आणायचं, हे त्याचं काम. काम त्याच्या अंगी मुरलेलं असतं. आणि एके दिवशी कारकून येऊन सांगतो, तुमची अठ्ठावन्न झाली, एकतीस मेला निवृत्त. राक्षस म्हणतो, अहो, आमच्यात हे वय म्हणजे मिशा फुटायचं. मी अजून दमलो नाही. कारकून म्हणतो, दमणं कागदावर नसतं. तारीख बदलायची तर ज्यांनी लिहिली त्या गुरुजींचं पत्र आणा. गुरुजी तर कधीच वारलेले. मग निरोप समारंभ होतो, आणि पाहुण्यांनी दिलेली शाल राक्षसाच्या करंगळीलाच काय ती पुरते.

हे प्रकरण मुक्ताबाईंनी मुलांना वाचून दाखवलं नव्हतं. मुलं विचारत तेव्हा त्या जुनीच प्रकरणं पुन्हा वाचत. कारण त्यांच्या ओळखीचा एक माणूस येत्या एकतीस मेलाच निवृत्त होत होता. त्याची जन्मतारीख एक जून एकोणीसशे सदुसष्ट होती, आणि ती मुक्ताबाईंच्या अक्षरात होती.

मिरजगावच्या अलीकडे, सडकेपासून आत एका वस्तीवर त्यांची पहिली नेमणूक होती. साल त्र्याहत्तर, वय एकवीस. दुष्काळ सरता सरत नव्हता. वस्तीवरची बायामाणसं दिवसभर खडी फोडायला जात. शाळेत सुकडी वाटायला यायची, गोडसर पिठाची, पण ती पटावरच्या मुलांनाच द्यायचा हुकूम होता. भिमाबाई नावाची एक बाई रोज कामावर जाताना धाकट्या सहादूला शाळेच्या दारात बसवून जायची. तो जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची वाटी मांडीवर धरून बसायचा आणि आतल्या मुलांच्या तोंडाकडे बघायचा. मागायचा नाही, रडायचा नाही.

चौथ्या दिवशी मुक्ताबाईंनी भिमाबाईला विचारलं, हा कधीचा? भिमाबाई म्हणाली, वस्तीवरच्या हिरीला पानी लागलं, त्याच्या दुसऱ्या साली झाला बघा. मुक्ताबाईंनी चौकशी करून हिशेब लावला. एकोणसत्तर. पोरगं चार वर्षांचं होतं. त्यांनी रजिस्टर उघडलं, एक जून लिहिलं, सहा लिहिला, आणि नवाच्या जागी सात घातला. एका आकड्यानं सहादू सहा वर्षांचा झाला आणि दुपारी त्याच्या वाटीत सुकडी पडली. मुक्ताबाई त्या रात्री शांत झोपल्या होत्या. या आकड्याला पुढे वय फुटेल, नोकरी लागेल आणि तो एक दिवस निवृत्त होईल, हे एकविसाव्या वर्षी कोणाच्या ध्यानात येतं?

सहादू एस.टी.त ड्रायव्हर झाला. दिवाळीला फोन करायचा. या वेळी त्यानं मे महिन्यातच केला होता. शेवटची ड्यूटी नगर-मिरजगाव आणि परत, अशी मागून घेतली होती.

"बाई, माज्या गाडीत बसायचं. पयली सीट तुमची. न्हाई म्हनायचं न्हाई."

आपण तुझी दोन वर्षं खाल्ली, हे त्याला सांगायचं असं मुक्ताबाईंनी त्याच वेळी ठरवलं. तो काय म्हणेल, याचाच घोर होता. मुलांना चूक कबूल करायला त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. ते किती अवघड असतं, हे मात्र शिकवायचं राहून गेलं होतं.

एकतीस मेला सकाळी गाडीला झेंडूच्या माळा होत्या आणि पुढच्या काचेवर कोणीतरी चुन्यानं 'शुभेच्छा सहादूभाऊ' लिहिलं होतं. सहादू इस्त्रीच्या खाकीत उभा होता. केस पिकले होते, बाकी माणूस ताठ. त्यानं वाकून पाया पडून त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं. तुषार नावाचा तरुण कंडक्टर म्हणाला, "भाऊ, आज तरी हळू चालवा, बाई बसल्यात." सहादू म्हणाला, "बाई बसल्यात म्हनूनच येळेवर न्यायची."

गाडी निघाली आणि मुक्ताबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर समोर गेली. ड्रायव्हरच्या डोक्यामागे पाटी होती: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलु नये.' त्यांनी तोंड मिटलं. नियम म्हणजे नियम. 'बोलु' मात्र ऱ्हस्व होतं. हात पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे गेला, पण गाडी सरकारी होती.

मग त्यांनी पुस्तक काढलं. वाचन काही होईना. समोर आरशात सहादूचे डोळे दिसत होते. रुईछत्तीसीच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला, तेव्हा त्यानं गाडी इतकी अलगद थांबवली की मांडीवरचं पुस्तक हललं नाही. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्याला हात करत होता. हा माणूस अजून दमलेला नाही, मुक्ताबाईंना वाटलं. दमणं कागदावर नसतं. पुस्तकात या ओळीला त्या हसल्या होत्या.

वस्तीचा फाटा आला तशी गाडी हळू झाली. आता तिथं पत्र्याची नवी शाळा होती. सहादूनं मागे न बघता एकदाच हॉर्न वाजवला, आणि आरशात मुक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पाटीत मान हलवायला मनाई नव्हती.

मिरजगावच्या स्टँडवर तीसेक माणसं जमली होती. जय भीम, जय भीम म्हणत सहादूला पोरांनी गाडीतून उचलूनच खाली घेतलं. हार पडू लागले. त्याची बायको राहीबाई डबा घेऊन आली होती. तिनं मुक्ताबाईंना सिमेंटच्या बाकावर सावलीत बसवलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली आणि शेजारी बसली. ठसक्याची बाई होती. गर्दीकडे बघत म्हणाली, "हार घालायला समदे आले. उद्यापासनं दोन वर्सं घरात बसून माजी भांडी हलवनार, तवा कोन येतंय बघू."

मुक्ताबाईंच्या हातातला घास थांबला. दोन वर्षं?

राहीबाईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "मी बोल्ले म्हनून ह्यांला सांगू नका. सासूबाईंनी समदं सांगितलं हुतं आमाला. सुकडीचं बी. नोकरी लागून चार वर्सं झाल्ती, तवा हापिसातला क्लार्क म्हन्ला, तारीख बदलंल, पर ज्या बाईंनी नाव घातलं त्यांच्या हातचं लिवून आना. कागद टाईप करून घेतला. त्यो घिऊन गेल्ते ह्ये तुमच्याकं, नगरला."

मुक्ताबाईंना तो दिवस आठवला. सत्त्याण्णव साल. आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार मिळाला होता, त्याच आठवड्यात. घरात माणसं होती, हार होते, भिंतीवर नवी फ्रेम होती. सहादू दारात उभा राहिला होता, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. चहा प्याला, फ्रेम बराच वेळ वाचली, आणि उठला. काही काम होतं का रे, असं त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, सहज आल्तो. अभिनंदनाला एवढ्या लांबून सहज आला, म्हणून त्या आठवडाभर ज्याला त्याला कौतुकानं सांगत होत्या.

"वापस आले," राहीबाई म्हणाली. "मी लई भांडले. तर म्हन्ले, बाईंनी खोटं लिव्हलं आसं बाईंच्याच हातनं कसं लिवून घिऊ? त्यांच्या नोकरीवर आलं तर? कागद आजून पेटीत हाय. सहीची जागा मोकळीच." मग ती भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली, "खावा. गार व्हतीय."

पुस्तकातले गुरुजी वारले होते, म्हणून पत्र मिळालं नाही. मुक्ताबाई जिवंत होत्या, दोन हातांवर बसल्या होत्या, त्याला चहा देत होत्या. त्यांनी भाकरी संपवली. अन्न टाकायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

परतीच्या वाटेवर त्या पाटीकडे बघत राहिल्या. आता पाटी नसती तरी काय बोलल्या असत्या कोण जाणे. नगरला डेपोत सहादूनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढायच्या आधी स्टिअरिंगवरची धूळ बाहीनं पुसली. किल्ली जमा केली, शाल-श्रीफळ घेतलं, फोटो झाले. बाईंना घरापर्यंत सोडतो म्हणाला. मुक्ताबाईंनी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही.

रिक्षात दोघं शेजारी बसले. आता पाटी नव्हती.

"सहादू," त्या म्हणाल्या, "नवाचा सात मी केला होता."

"म्हाईत हाय, बाई."

"आणि त्या दिवशी तू सहज आला नव्हतास."

राहीबाईनं सांगू नका म्हटलं होतं, पण आता इलाज नव्हता. सहादू रस्त्याकडे बघत होता. शाल नारळासकट मांडीवर घट्ट धरली होती, वाटी धरायचा तशी.

"शेंगा द्यायला आल्तो," तो म्हणाला. "त्या साली चांगल्या पिकल्या हुत्या."

पुढं एक स्कूटर आडवी आली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारायच्या आधी सहादूचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. त्याचं त्यालाच हसू आलं. पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबला गेला. मुक्ताबाईंनी मग काही विचारलं नाही. तो जे अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवत आला होता, ते उघडं करण्याचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना कळलं.

पाच वाजून गेले होते. जिन्यावर मुलं वाट बघत होती. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणून मुक्ताबाईंनी सहादूला वर आणलं, तर पार्थनं त्याची खाकी बघून पायरीवर जागा करून दिली. सहादू मुलांमध्ये बसला, खालच्या पायरीवर. मुक्ताबाईंनी पुस्तक उघडलं आणि थेट सतरावं प्रकरण काढलं.

त्यांनी सगळं वाचलं, काहीच गाळलं नाही. घाटातलं खाकरणं, कारकून, एकतीस मे. 'ज्या गुरुजींनी तारीख लिहिली त्यांचं पत्र आणा' ही ओळसुद्धा त्यांनी स्वच्छ वाचली. राक्षसाची बाजू घेऊन मुलं कारकुनावर रागावली होती. मग करंगळीवरची शाल आली, आणि सगळ्यांत आधी हसला तो सहादू. खांदे हलवत, आवाज न करता हसला, मांडीवरच्या शालीकडे बघत. ते बघून मुलं सुटली. पार्थनं ती शाल मागून घेतली आणि आपल्या करंगळीला गुंडाळून बघितली.

निकिता मात्र सहादूकडे निरखून बघत होती. "आजोबा, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"उद्या," सहादू म्हणाला. "एक जूनला."

"म्हणजे तो गुरुजींनी लिहिलेला. खरा कधी?"

मुक्ताबाईंनी पुस्तकातून डोळे वर केले नाहीत.

"ह्योच खरा हाय, बाळा," सहादू म्हणाला. "त्या तारखेपायी मला पयल्यांदा पोटभर खायला मिळालं."

निकितानं यावर थोडा विचार केला. तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुढं विचारलं नाही. उद्या केक आणायचा का, यावर मुलांची चर्चा सुरू झाली. सहादूनं चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि मिरजगावची सातची गाडी गाठायला निघाला. जिना उतरताना शाल पार्थच्या गळ्यात राहिली होती, ती त्यानं मागितली नाही. पार्थच आठवणीनं धावत जाऊन देऊन आला.

मुलं पांगल्यावर मुक्ताबाई त्याच पायरीवर बसून राहिल्या. वाचनालयाचं कार्ड पुस्तकाच्या शेवटच्या पानात होतं. त्यांनी ते बाहेर काढलं. 'विनोद बरा' मधलं 'बरा' खोडून 'चांगला' केलं. मग पर्समधून लाल पेन्सिल काढली, टोक बघितलं, त्रेचाळीसवर एक सरळ रेघ मारली आणि स्वतःची एक धरून शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं, चव्वेचाळीस.